कल्चर रिपोर्ट म्हणजे गुणपत्रिका नव्हे



‘ताई, अकरा औषधांपुढे आर आहे आणि फक्त चारांपुढे एस. आता काय होणार?’ अशा अर्थाचे निरोप मला महिन्यातून दोन-चार तरी येतात. पाठवणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. नोकरी पुण्यात, बंगळुरूत नाहीतर टोरांटोत, आईवडील इथे बडोद्यात. रुग्णालयाचा रिपोर्ट पीडीएफ होऊन घरच्या ग्रुपवर पडतो, मग मावसभावापासून आत्याच्या जावयापर्यंत सगळे एस आणि आर मोजायला बसतात. कोणीतरी इंटरनेटवर शोधून सांगतं, ‘यातलं सगळ्यात स्ट्राँग औषध डॉक्टर देतच नाहीयेत!’ रात्री अकराला तो कागद माझ्याकडे येतो.

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात काम करते. म्हणजे हा कागद जिथे तयार होतो तिथेच बसते. तेव्हा या महिन्याच्या सदरात तो नीट वाचू या. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा गंभीर संसर्ग झाला, तर रुग्ण बरा होणार की नाही हे बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरतं. त्या दिवसांत घरच्यांच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. पण ज्या असतात, त्या खरोखर मोलाच्या असतात.

कागद येण्याआधीचे दोन दिवस

ताप, थंडी, बीपी उतरलेलं, माणूस थोडा बरळतोय, असा रुग्ण आला की डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. संसर्गामुळे बीपी कोसळलं असेल तर तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू करावं, असं सेप्सिसच्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे पहिलं औषध अंदाजाने दिलेलं असतं. संसर्ग कुठे आहे, रुग्णाचं वय काय, त्या रुग्णालयात सध्या कोणते जंतू दिसतात, यावरून बांधलेला तो अंदाज.

अंदाज बरोबर की चूक हे आमच्याकडून कळतं. रक्ताच्या बाटल्या मशिनमध्ये ठेवल्या की आत जंतू वाढतोय का, यावर मशिन सतत लक्ष ठेवतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत इशारा मिळतो. मग आम्ही त्यातला थेंब काचेवर घेऊन रंगवतो, मायक्रोस्कोपखाली बघतो आणि लगेच वॉर्डला फोन करतो. जंतूचं नाव आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो हे कळायला आणखी एखादा-दोन दिवस जातात. एकूण हिशेब दोन ते चार दिवसांचा.

जंतू साधा असेल तर अंदाज सहसा बरोबर ठरतो आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण चहा मागतो. जंतू दाद न देणारा असेल तर ते दोन दिवस वाया गेलेले असतात. औषध शरीरात जातं, पण जंतू वाढतच राहतो. अशा संसर्गात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामागे योग्य औषध मिळायला झालेला उशीर हे एक मोठं कारण आहे. बाकीची म्हणजे, हे रुग्ण आधीच अशक्त आणि इतर आजारांनी गांजलेले असतात, आणि शेवटी जी औषधं उरतात ती तितकी चांगली नसतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

म्हणून पहिली मोलाची गोष्ट: अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी कल्चरचं रक्त घेतलेलं असणं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सात रुग्णालयांनी मिळून हे तपासलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. सेप्सिसच्या ३२५ रुग्णांचं रक्त त्यांनी औषधाआधी घेतलं आणि औषध दिल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतलं. आधीच्या नमुन्यात ३१ टक्के रुग्णांमध्ये जंतू सापडला. नंतरच्या नमुन्यात १९ टक्क्यांमध्येच. माणसं तीच, आजार तोच, मध्ये गेला एक डोस. नमुन्यात जंतू सापडला नाही म्हणजे तो शरीरातून गेला असं नाही. तो फक्त बाटलीत वाढला नाही, त्यामुळे आम्हाला त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

घरातल्या गोळ्यांचा प्रश्न इथे येतो. आपण बडोदेकर. १९०७ साली ज्या गावात अलेम्बिक सुरू झाली, तिथल्या घरांना अँटिबायोटिकचं अप्रूप ते काय असणार? ‘अल्थ्रोसिन’ हा शब्द माझ्या पिढीला पाढ्यांसोबतच पाठ झाला. आता त्या जागी अ‍ॅझिथ्रोमायसिन आलं. कपाटात उरलेल्या तीन गोळ्या असतात. ताप आला की ‘डॉक्टर मिळेपर्यंत घेऊन बघ’ म्हणून त्या दिल्या जातात.

एका आजींच्या बाबतीत असंच झालं होतं. लघवीची जळजळ, मग ताप. घरच्यांनी प्रेमापोटीच आधीच्या आजारपणातल्या गोळ्या दोन दिवस दिल्या. रुग्णालयात आणलं तेव्हा बीपी उतरलेलं. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर आम्ही लावलं, पाच दिवस वाट पाहिली, काहीच वाढलं नाही. आजी वाचल्या, पण डॉक्टरांना शेवटपर्यंत अंधारात बाण मारावे लागले. औषध कमी करायला आधार नाही, बदलायलाही आधार नाही. साध्या इंजेक्शनवर कदाचित चार-पाच दिवसांत भागलं असतं, तिथे सगळ्यात वरच्या फळीतली औषधं दोन आठवडे चालली. आणि गोळ्या घेतल्याचं घरच्यांनी सांगितलं ते चौथ्या दिवशी. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनाही ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

एस, आय, आर

आता तो कागद. वर जंतूचं नाव, खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर आणि बऱ्याचदा एक आकडा.

‘आर’ म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देत नाही. ‘एस’ म्हणजे नेहमीच्या डोसमध्ये औषध चालण्याची चांगली शक्यता आहे. ‘आय’ म्हणजे मधलं. बऱ्याच औषधांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की डोस वाढवला किंवा औषध जिथे आपोआप साठतं अशा जागी, म्हणजे लघवीत वगैरे, संसर्ग असला तर ते चालू शकेल.

आकडा असतो तो एमआयसीचा. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागलं, त्याचं ते माप. इथे ग्रुपवरचे हुशार लोक हमखास फसतात. ‘या औषधाचा आकडा ०.२५ आणि त्याचा ८, म्हणजे पहिलं बत्तीस पट चांगलं!’ तसं नसतं. प्रत्येक औषध रक्तात वेगळ्या प्रमाणात पोचतं, म्हणून प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची रेघही वेगळी. एका औषधाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघणं म्हणजे किलो आणि किलोमीटरची तुलना.

दुसरी गंमत जागेची. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस आहे, गोळी स्वस्त आहे, मग ती का देत नाहीत? कारण ती लघवीत साठते, रक्तात पुरेशी राहत नाही. मूत्राशयाच्या जळजळीला उत्तम, पण जंतू रक्तात शिरल्यावर निरुपयोगी. डॅप्टोमायसिन रक्तातल्या संसर्गाला चालतं, पण फुप्फुसातला एक स्निग्ध पदार्थ त्याला निकामी करतो, म्हणून न्यूमोनियाला ते देत नाहीत. आमच्या बशीत फुप्फुस नसतं. बशीतला जंतू आणि माणसातला जंतू यांतला फरक डॉक्टरांनाच जोडून घ्यावा लागतो.

कधी कधी तर ‘एस’सुद्धा पुरत नाही. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे आतड्यात राहणारे जंतू. त्यांच्यातल्या काही जाती ईएसबीएल नावाचं एन्झाइम तयार करतात आणि सेफ्ट्रायाक्झोनसारखी नेहमीची इंजेक्शनं तोडून टाकतात. अशा वेळी मेरोपेनेम द्यायचं, की जरा खालच्या फळीतलं पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम चालेल? रिपोर्टवर दोन्हींपुढे एस असतो. नऊ देशांतल्या रुग्णालयांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून हे तपासलं. २०१८ मध्ये निकाल आला. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात तीस दिवसांत १२.३ टक्के रुग्ण दगावले, मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के. नंतर ते जंतू जास्त काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले काही मुळात एस नव्हतेच असं दिसलं. ते वगळल्यावर फरक कमी झाला. पण धडा राहिला: रक्तातल्या गंभीर संसर्गात कागदावरची दोन एस सारख्याच वजनाची असतील असं नाही.

‘स्ट्राँग’ म्हणजे चांगलं नव्हे

याच्या उलट चूकही तितकीच होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर भारी इंजेक्शन बंद करून जुनं, स्वस्त औषध सुरू करतात आणि घरचे नाराज होतात. ‘पैशाची काळजी करू नका, चांगलंच द्या.’

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा गळवांपासून हृदयाच्या झडपांपर्यंत कुठेही जाणारा जंतू घ्या. तो मेथिसिलिनला दाद देणारा निघाला, तर सेफाझोलिनसारखं जुनं औषध व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं. व्हँकोमायसिन दाद न देणाऱ्या जातीसाठी राखलेलं, म्हणून लोकांना ते ‘वरचं’ वाटतं. पण दाद देणाऱ्या जातीवर ते संथ चालतं, आणि त्यावर ठेवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त आढळले आहेत. तेव्हा रिपोर्ट आल्यावर औषध ‘उतरवलं’, तर ती अनेकदा आनंदाची बातमी असते. शत्रू ओळखला गेला, आता नेमकं हत्यार वापरता येईल.

दुसऱ्या टोकाला कोलिस्टिन. सगळ्या औषधांपुढे आर आणि फक्त याच्यापुढे काहीतरी वेगळं, असा कागद आला की लोकांना वाटतं, चला, एक तरी आहे. हे औषध १९५० च्या सुमाराचं. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून ते मागे पडलं होतं. दुसरं काही चालेना तेव्हा परत आणावं लागलं. अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनचा ‘एस’ काढूनच टाकला. आता त्या नियमांनुसार फक्त आय किंवा आर. कारण साधं: ते चालेल असं निश्चिंतपणे सांगण्याइतका पुरावाच नाही.

प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काय होतं तेही पाहिलं गेलंय. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांना अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा आयसीयूत फोफावणारा जंतू होता. निम्म्यांना एकटं कोलिस्टिन दिलं, निम्म्यांना कोलिस्टिन आणि मेरोपेनेम. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातले ४३ टक्के दगावले, दुसऱ्यातले ४५. दोन औषधं एकत्र देऊनही त्या जंतूपुढे फायदा दिसला नाही. मघाशी आपण ३.७ टक्के हा आकडा पाहिला. आजार आणि रुग्ण वेगळे, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवून चालणार नाही. पण चांगलं औषध हाताशी असणं आणि नसणं यांतली दरी किती खोल आहे, ते कळतं. आणि आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांचे नमुने आयसीएमआर गोळा करते, त्यांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दर दहा नमुन्यांपैकी जवळपास नऊ मेरोपेनेमच्या कुळाला दाद देत नाहीत.

नवी औषधं येत आहेत, नाही असं नाही. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे त्यांतलं एक. पण आपल्याकडे एनडीएम नावाचं एन्झाइम बरंच पसरलेलं आहे, आणि त्यापुढे ते एकटं हतबल ठरतं. सोबत अ‍ॅझट्रिओनाम द्यावं लागतं. म्हणजे परदेशातल्या मित्राने ‘आमच्याकडे हे देतात’ असं सांगितलं, तरी जंतूने कोणतं एन्झाइम आणलंय हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. महागड्या इंजेक्शनसाठी धावाधाव करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘या जंतूवर ते चालेल, हे तपासलंय का?’

किती दिवस?

‘कोर्स पूर्ण करा’ हे आपण शाळेपासून ऐकतो. आधी बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नका, हा त्याचा अर्थ आजही खरा. पण ‘जितके जास्त दिवस तितकं बरं’ हा अर्थ त्यातून काढू नये. रक्तात जंतू सापडलेल्या ३६०८ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. सात देश, ७४ रुग्णालयं. निम्म्यांना सात दिवस औषध, निम्म्यांना चौदा. नव्वद दिवसांत सात दिवसवाल्या गटात १४.५ टक्के मृत्यू, चौदावाल्यात १६.१. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. अर्थात यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचे रुग्ण नव्हते, प्रतिकारशक्ती फार खालावलेलेही नव्हते. हाडाचा किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग असेल तर मुदत कितीतरी जास्त लागते. तेव्हा डॉक्टरांनी सातव्या दिवशी औषध थांबवलं तर घाबरू नका, आणि सहा आठवडे सांगितलं तर कुरकुरू नका.

आणखी एक. जंतू सापडला म्हणजे आजार आहेच, असंही नाही. ज्येष्ठांच्या, विशेषतः आज्यांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी सामान्य आहे. ताप नाही, जळजळ नाही, आणि ‘रुटीन’ तपासणीत एक लाख कॉलनी आल्या म्हणून अँटिबायोटिक सुरू करायची सहसा गरज नसते. गर्भारपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. त्या विनाकारण दिलेल्या गोळ्यांतून मात्र आतड्यातले जंतू दाद न द्यायला शिकतात, आणि पुढच्या वर्षी खरा संसर्ग होतो तेव्हा तेच समोर उभे राहतात.

घरच्यांनी काय करावं

तुम्ही दूर असा किंवा जवळ, एवढं करता येईल.

एक: आईवडिलांच्या फोनमध्ये एक फोल्डर करा. गेल्या सहा महिन्यांतली अँटिबायोटिकं, नावं आणि साधारण तारखा. जुने कल्चर रिपोर्ट. कधी, किती दिवस दाखल होते, नळी किंवा कॅथेटर होतं का. पेनिसिलीन वगैरेची अ‍ॅलर्जी. पहिला अंदाज बांधताना डॉक्टरांना याच माहितीची सगळ्यात जास्त गरज असते. मागच्या खेपेचा जंतू याही खेपेला असण्याची शक्यता बरीच असते.

दोन: दाखल करताना न विचारता सांगा, ‘घरी अमुक गोळी इतके डोस दिली आहे.’ लाजायचं काही कारण नाही. डॉक्टर रागावले तरी सांगा.

तीन: नम्रपणे विचारा, ‘कल्चर पाठवलंय ना? अँटिबायोटिकच्या आधी?’ रुग्ण फारच गंभीर असेल तर नमुन्यासाठी औषध अडवून ठेवू नये. पण बाटल्यांत रक्त घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा ती असतात.

चार: तिसऱ्या दिवशी विचारा, ‘कल्चरचं काय आलं? त्यावरून औषधात काही बदल?’ रिपोर्ट येऊन पडलेला असतो आणि गर्दीत बघायचा राहून जातो, असं कुठेही होऊ शकतं. तुमच्या एका प्रश्नाने तो उघडला जातो.

पाच: कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून टाका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही ओळख घरातल्या सगळ्यांना करून द्या.

आणि तो कागद ग्रुपवर आलाच, तर एस आणि आर मोजू नका. ती गुणपत्रिका नाही. पंधरापैकी चार म्हणजे नापास, असा तिचा हिशेब नसतो. या जागेच्या संसर्गाला, या रुग्णाच्या मूत्रपिंडाला झेपणारं एक योग्य औषध त्या चारांत असेल तर तेवढं पुरतं. ते कोणतं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त ते ठरवायला लागणारी माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवा.

पुढच्या महिन्यात थायरॉइडच्या रिपोर्टबद्दल. त्यावरचे प्रश्न आत्तापासूनच पाठवा, पण कृपा करून रात्री अकराच्या आधी!